लग्न मोकळे, पत्रिका सेन्सॉरकडे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'देवधर्माला कोणी आडकाठी करत नाही ना, मग बाकीच्या स्वातंत्र्याचे एवढे काय?' असा सूर हल्ली चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडूनही ऐकू येतो. हा प्रश्न निदान गोमंतकात तरी कोणी विचारू नये, असे मला वाटते.

मंगेशी आणि शांतादुर्गा ही आज फोंड्यातील दैवते म्हणून ओळखली जात असली, तरी मंगेशाचे मूळ स्थान कुठ्ठाळी आणि शांतादुर्गेचे केळशी. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात देवळे मोडली जाऊ लागली, तेव्हा भाविकांनी मूर्ती नदीपलीकडे नेल्या. १५६० मध्ये आलेले इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारे चर्चचे न्यायालय, कायमचे बंद व्हायला १८१२ उजाडले. हिंदूंना बरोबरीचे नागरिक म्हणून वागवले जाण्यासाठी तर आणखी जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली, आणि तो बदल कोणा धर्ममार्तंडाच्या उदारपणामुळे घडला नाही. ५ ऑक्टोबर १९१० रोजी लिस्बनमध्ये राजेशाही कोसळून प्रजासत्ताक आले, म्हणून तो घडला.

पुढचा भाग मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. १९२६ च्या लष्करी उठावानंतर ते प्रजासत्ताक गेले आणि पुढे हुकूमशहा सालाझारची राजवट आली. देवळे उघडी होती, जत्रा भरत होत्या, पालख्या निघत होत्या. पण छापायच्या प्रत्येक मजकुरावर सेन्सॉरचा शिक्का लागे, इतका की लग्नपत्रिकाही त्यातून सुटत नसे. (आमच्या घरातल्या जुन्या माणसांना पत्रिकेच्या छपाईपेक्षा त्या शिक्क्याचीच धास्ती अधिक असे.) म्हणजे सप्तपदी घालायला मोकळीक, पण त्या विधीला या म्हणून चार माणसांना लिहून कळवायचे तर सरकारची परवानगी! अशा सवलतीला धर्मस्वातंत्र्य म्हणायचे असेल, तर ते देणाऱ्याच्या मर्जीवर टिकलेले होते आणि मर्जी फिरली असती तर तक्रार मांडायला ना वृत्तपत्र होते, ना सभा.

१८ जून १९४६ रोजी मडगावात बंदी मोडून डॉ. राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले, ते नागरी हक्कांसाठी. त्या मैदानात जमलेल्यांत हिंदू होते तसे ख्रिस्तीही होते. आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेतही विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा आणि उपासना हे पाचही शब्द एकाच ओळीत आले आहेत. त्यातले शेवटचे दोन तेवढे ठेवून पहिले दोन गाळायला निघालेल्यांनी घरात जुन्या लग्नपत्रिका असतील तर जरूर काढून पाहाव्यात.

आपला,
एक वाचक, फोंडा