डावं पान, उजवं पान

प्रिय मृणाल,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. ओवी पंधरा महिन्यांची झाली तरी बोलत नाही, चालत नाही, फार जिद्दी झाली आहे, आणि शेजारची तिच्याच वयाची मुलगी दहा शब्द बोलते. या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकमेकींत अडकल्या, म्हणून काळजीचा एवढा मोठा गुंता झालाय. तो सोडवायला एक दोनशे पानी वही लागेल आणि आठवड्यातून तीनदा दहा मिनिटं.

वहीच्या आधी एक हिशेब करून घे. ओवी ३४व्या आठवड्यात झाली, म्हणजे सहा आठवडे आधी. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा विकास बघताना तेवढे आठवडे वयातून वजा करायचे असतात, दोन वर्षं पुरी होईपर्यंत. पंधरातून दीड गेला, उरले साडेतेरा महिने. (लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, तिथे वजाबाकी नाही.) शेजारची मुलगी पुऱ्या दिवसांची असेल, तर या दोघी एका वयाच्या नाहीतच. वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही वयं लिहून ठेव.

चालण्याचं आत्ताच मिटवते. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांच्या नोंदी ठेवून २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. त्यात आधाराशिवाय चालायला लागण्याचं वय ८.२ पासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेलं आहे. त्या मुलांतली ४.३ टक्के तर हातगुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. ओवी सोफा धरून कडेकडेनं सरकते, साडेतेराव्या महिन्याला ते अगदी ठीक आहे. चाकांचा वॉकर कुणी भेट दिला तरी वापरू नकोस. त्यात मूल चवड्यांवर रेटत जातं, स्वतःचा तोल सांभाळायची त्याला गरजच पडत नाही, आणि जिना किंवा गरम भांडं क्षणात त्याच्या हाताच्या अंतरावर येतं. कॅनडानं २००४ मध्ये असे वॉकर विकायलाच बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा, तो मूल स्वतः उभं राहून ढकलतं. ओवी आपणहून उभी राहायला लागली की जरूर दे. फार पळत असेल तर खालच्या आडव्या दांडीला थोडं वजन बांध, आणि कुणीतरी जवळ असू दे.

आता वही. उघडल्यावर दोन पानं समोर येतात. डाव्या पानावर फक्त डोळ्यांना दिसलेलं आणि कानांना ऐकू आलेलं लिहायचं. उजवं पान त्या दिवशी कोरं सोडायचं. तुला काय वाटतं, का झालं असेल, ते उजवीकडे आठवड्यानं लिहायचं, तीन-चार नोंदी एकत्र वाचून झाल्यावर. हा एवढा नियम पाळलास तरी अर्धं काम झालं. दर नोंदीच्या डोक्यावर तारीख, वेळ, जागा, जवळ कोण होतं, आणि शेवटचं खाणं-झोप कधी झाली होती, हे टाकायचं. भुकेलं किंवा पेंगुळलेलं मूल बघून काढलेला निष्कर्ष फक्त भुकेबद्दल आणि झोपेबद्दल असतो.

'जिद्दी' हा शब्द डाव्या पानावर येता कामा नये. 'हुशार', 'लाजाळू', 'चिडकी' हेही नाही. ही सगळी उजव्या पानावरची माणसं. तू पाठवलेला स्वयंपाकघरातला व्हिडिओ मी लिहून काढलाय, तो बघ:

"स्वयंपाकघर, जमिनीवर. हातात स्टीलचा छोटा डबा, आत मुरमुरे, झाकण घट्ट. उजव्या हातानं झाकण ओढलं, तीनदा. डबा पोटाशी घट्ट धरून पुन्हा ओढलं. डबा जमिनीवर आपटला, झाकणाकडे पाहिलं. पुन्हा आपटला, पुन्हा पाहिलं. आईकडे पाहिलं, डबा तिच्यापुढे धरला, 'अँ' म्हणाली. आई ओट्याकडे वळली. पुन्हा 'अँ', मोठ्यानं. डबा फेकला, रडली. आईनं उघडून दिला. एकेक मुरमुरा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून खाल्ला."

वेळ आणि दुपारची झोप तू भर, ती व्हिडिओत दिसत नाही.

यात जिद्द कुठे आहे, शोध. मला दिसतं ते असं. एक उपाय चालला नाही म्हणून तिनं दुसरा केला, मग तिसरा. प्रत्येक आपटण्यानंतर झाकण सुटलं का ते तपासलं. जमेना तेव्हा मदत मागितली, तीही नजर, हात आणि आवाज तिन्ही एकत्र वापरून. रडणं आलं ते मागणीला उत्तर मिळालं नाही तेव्हा. शिवाय चिमूट पक्की आहे. दोन-तीन मिनिटांच्या त्या तुकड्यात हात, बुद्धी, बोलणं आणि नातं, चारही गोष्टी आल्या. 'आज खूप जिद्द केली' एवढंच लिहिलं असतंस, तर यातलं काहीच हाती लागलं नसतं. आणि उपायही त्यातच आहे. तिनं डबा पुढे केला की लगेच 'दे? उघडून दे?' असं म्हणत तळहात पुढे कर आणि मगच उघड. म्हणजे रडण्याच्या आधीची खूण उपयोगी पडते, हे तिला कळेल.

रडण्याचे प्रसंग वेगळ्या पानावर तीन रकान्यांत लिही: आधी काय झालं, तिनं काय केलं, नंतर काय झालं. तिसरा रकाना लोक विसरतात आणि बहुतेक उत्तरं तिथेच असतात. पाच-सहा प्रसंग झाले की कारणाची पुनरावृत्ती दिसायला लागते.

व्हिडिओ काढताना फोन जमिनीवर, तिच्या डोळ्यांच्या उंचीला टेकवून ठेव आणि बाजूला हो. हातात फोन धरून 'ओवी, इकडे बघ, टाळ्या वाजव' म्हटलं की निरीक्षण संपलं आणि परीक्षा सुरू झाली.

आता बोलण्याकडे येते, कारण तुझी खरी धास्ती तिथे आहे.

बोलणं बघायचं ते समजण्यापासून. तू 'चप्पल आण' म्हणतेस तेव्हा तुझी मान चपलेकडे वळते, हात वर होतो. ती शब्द ऐकून गेली की तुझ्या मानेमागे गेली? दोन्ही वेगवेगळं करून बघ. एक दिवस खुणेसकट सांग. दुसऱ्या दिवशी हात मागे बांधून, तिच्याच डोळ्यांत बघत, नुसत्या शब्दांत सांग. खुणेसकट सांगितलेलं पंधराव्या महिन्याच्या आसपास बहुतेक मुलं करतात, नुसत्या शब्दांवर करायला अठरावा उजाडतो. म्हणून आज दुसऱ्या प्रकारात ती गोंधळली तर घाबरायचं नाही, फक्त लिहायचं.

मग बोट दाखवणं. माझ्या मते या वयात शब्दांपेक्षाही हे जास्त मोलाचं. बोट दोन कारणांनी पुढे येतं. एक, 'मला ते हवं.' दुसरं, 'ते बघ ना!', नुसतं दाखवायला, हवं काहीच नसताना. खिडकीत कावळा आला, तिनं बोट केलं, मग वळून तुझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा कावळ्याकडे, तर हे दुसरं. ते ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी तारखेसह मोठ्या अक्षरात लिही. उलट बाजूनंही बघ: तू लांबच्या पंख्याकडे बोट केलंस तर ती तुझ्या बोटाकडे बघते की पंख्याकडे? दिवसातून एकदाच. पाच वेळा केलंस तर सहाव्यांदा ती कुठेच बघणार नाही.

शब्द मोजायचे तर शब्द कशाला म्हणायचं ते आधी ठरव. एकच आवाज, त्याच अर्थानं, तिनं आपणहून, निदान तीन वेगळ्या वेळी काढला की तो शब्द. उच्चार शुद्ध असायची गरज नाही. जेवणाला 'मम' हा शब्द. कुत्रा, मांजर, गाय सगळ्यांना 'भू' म्हणत असेल, तर तोही एक शब्द, आणि पुष्कळ मुलं असं करतात. तू 'आई म्हण' म्हटल्यावर म्हणालेलं 'आई' धरायचं नाही. तिथे बंगळुरूला ओवीला सांभाळणारी अक्का दिवसभर तिच्याशी कन्नडमध्ये बोलते, म्हणून अक्कालाही रोज विचार. 'पाणी' आणि 'नीरु' दोन्ही म्हणत असेल तर दोन्ही लिही. नुसतं मराठी मोजशील तर अर्धीच ओवी मोजशील. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं, असं तुला कुणी सांगेल. तसं होत नाही. अक्काला हिंदी बोलायला लावू नकोस, तिला तिच्याच भाषेत गाऊ-बोलू दे.

आणि कान. ओवी अपुऱ्या दिवसांची आहे, म्हणून हे मी आग्रहानं सांगते. जन्मानंतर तपासणी झाली असली तरी आता एकदा ऑडिओलॉजिस्टकडून करून घे. टाळी वाजवली की वळते, कुकरच्या शिट्टीला दचकते, एवढ्यावर कान चांगले म्हणता येत नाहीत. टाळीचा हात दिसतो, हवा हलते, शिट्टी तर फारच मोठी. थोडं कमी ऐकू येणाऱ्या मुलाला 'स', 'श'सारखे बारीक आवाज निसटतात, आणि सारख्या सर्दीनं कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तरी तसंच होतं. यात चाचणीला पर्याय नाही.

एक खेळ सांगते, तो समीररावांना दे, त्यांना आवडेल. छोटा रंगीत चेंडू आणि दोन रुमाल घ्यायचे. तिच्या देखत चेंडू डाव्या रुमालाखाली ठेवायचा, तिला काढू द्यायचा, असं तीनदा. चौथ्यांदा, तिच्या देखतच, उजव्या रुमालाखाली. आठ-दहा महिन्यांचं मूल तरीही डावा रुमाल उचलतं, कारण मघाशी तिथेच सापडला होता. वर्षाच्या आसपास ही चूक जाते. मग पुढची पायरी: चेंडू मुठीत लपवायचा, मूठ रुमालाखाली न्यायची, चेंडू तिथे सोडून रिकामी मूठ बाहेर काढून उघडायची. ओवी बहुधा मुठीतच शोधेल आणि गोंधळेल. न दिसलेली हालचाल मनात जुळवून थेट रुमाल उचलणं दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान येतं. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं हे सगळं स्वतःच्या तीन मुलांना असंच घरात न्याहाळून मांडलं. दर महिन्याला एकदा खेळा आणि कुठे शोधलं तेवढंच लिहा. चुकली तर सांगायचं नाही.

हातांचं एक लक्षात ठेव. या वयात डावखुरी की उजवी हे ठरलेलं नसतं. व्हिडिओत तिनं झाकण उजव्यानंच ओढलं. एका प्रसंगात ओढलं म्हणून काही नाही, पण पुढच्या चार नोंदींत वस्तू कधी मधोमध, कधी डाव्या, कधी उजव्या अंगाला ठेव. डावीकडची वस्तू घ्यायलाही ती अंग वळवून उजवा हात नेत असेल, किंवा डावी मूठ बंदच राहत असेल, तर डॉक्टरांना दाखवायचं.

'येत नाही' लिहिण्याआधी स्वतःला विचार: संधी मिळाली का? तू भरवतेस, मग चमचा धरता येत नाही असं कसं लिहायचं? जिथे संधी नव्हती तिथे 'अजून पाहिलं नाही' असं लिही. आठवडाभर वाटीत घट्ट खिचडी आणि हातात चमचा दे, खाली जुनी चादर अंथर, मग नोंद कर.

चार आठवड्यांनी सगळं एका बैठकीत वाच. हिरव्या पेन्सिलीनं नवं काय आलं त्यावर खूण कर, निळीनं आधी कधीतरी होतं ते आता रोज होतंय त्यावर. निळ्या खुणा जास्त बोलक्या असतात, कारण मूल नवी गोष्ट एकदा करतं आणि मग बरेच दिवस ती पक्की करत बसतं. चालण्याच्या खटपटीत असलेलं मूल काही आठवडे बोलण्यात तिथेच राहिल्यासारखं वाटतं, तेही तारखा शेजारी ठेवल्या की दिसतं.

काही गोष्टींत मात्र चार आठवडे थांबायचं नाही. येत असलेली गोष्ट गेली, म्हणजे बोलत होती ते शब्द बंद झाले, डोळ्याला डोळा देत होती ती देईनाशी झाली, तर त्याच आठवड्यात डॉक्टर, वय कोणतंही असो. फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकली तर त्याच दिवशी. अठरा महिने भरले तरी बोट दाखवत नाही, एकही शब्द नाही किंवा चालत नाही, दोन वर्षांना 'पाणी दे'सारखे दोन शब्द आपणहून जोडत नाही, तर वही घेऊन जायचं. 'आमच्याकडे सगळे उशिराच बोलले' असं घरात कुणीही म्हणालं, अगदी मी म्हणाले, तरी जायचं. लवकर मदत मिळालेल्या मुलाचा फायदाच होतो. तिथे 'कधीकधी करते' असं न सांगता वहीतून वाचून दाखव: १२ तारखेला, २० तारखेला, अक्काजवळ, जेवणानंतर. डॉक्टरांना पंधरा मिनिटांत जे दिसू शकत नाही, ते तुझ्या डाव्या पानावर असेल.

पहिल्या चार नोंदी झाल्या की फोटो काढून पाठव. उजवी पानं कोरीच पाठव, आपण दोघी फोनवर भरू. समीररावांना नमस्कार, अक्काला माझी आठवण सांग. ओवीचा गोड पापा.

तुझी,
आई

ता. क. चिमटीसाठी मुरमुरे किंवा शिजवलेले, थोडे चेपलेले मटार दे. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं अजिबात नकोत, श्वासनलिकेत अडकतात. खाताना तिला बसवूनच ठेव.