बाबांच्या जखमेविषयी मित्रास पत्र

दारव्हा, जि. यवतमाळ

प्रिय मित्र सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

सोयाबीनच्या मळणीत थ्रेशरच्या पट्ट्यात पाय सापडून तुझ्या बाबांच्या पोटरीचे मांस फाटले, हे तुझ्या पत्रात वाचल्यापासून माझे मन थाऱ्यावर नाही. सर्जनने सुचवलेले ‘व्हॅक ड्रेसिंग’, म्हणजे जखम हवाबंद झाकून यंत्राच्या पंपाने आतला स्राव ओढून घेणारे ड्रेसिंग, करावे का, असे तू विचारतोस. माझ्या मते अवश्य करावे. मात्र मेलेले मांस शस्त्रक्रियेने काढून जखम स्वच्छ केल्यानंतरच, कारण ते काम यंत्राच्याने होत नाही.

अमेरिकेतील अर्जेंटा आणि मोरिक्वास या दोघा संशोधकांनी १९९७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केल्यावर ही पद्धत सर्वदूर पसरली. जखमेच्या मापाचा निर्जंतुक फोम कापून आत बसवतात, वरून पारदर्शक चिकट पडदा लावतात आणि नळीवाटे पंपाने बहुधा उणे १२५ मिलिमीटर पाऱ्याइतका, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा कमी, दाब ठेवतात. पंप सुरू होताच फुगीर फोम आक्रसून कडक होतो. तो पुन्हा मऊ पडला, तर कुठेतरी हवा शिरते आहे असे समजावे. या ओढीने साचलेला स्राव निघून जातो, सूज उतरते, कडा जवळ येतात आणि तळाशी लाल, दाणेदार मांस भरू लागते. तरीही एवढ्या रुंद जखमेवर पुढे मांडीची कातडी लावावी लागण्याचा संभव आहे, तेव्हा घरच्यांच्या कानावर ते आताच घालून ठेव.

फोम साधारणपणे ४८ ते ७२ तासांनी बदलतात. तो काढताना फार दुखते, म्हणून आधी वेदनाशामक देण्याची आठवण कर. आत किती तुकडे ठेवले, तो आकडा ड्रेसिंगवर लिहून घ्यायला सांग, म्हणजे काढताना एकही मागे राहणार नाही. आपल्याकडे विजेचा भरवसा नाही, म्हणून यंत्राची बॅटरी किती वेळ चालते हे आधीच विचार. दिवसभरात मिळून दोन तासांहून अधिक काळ पंप बंद राहिल्यास ते ड्रेसिंग तसेच ठेवू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नळीत अचानक लालभडक रक्त दिसले, तर पंप बंद करावा, जखमेवर दाब धरावा आणि त्याच क्षणी डॉक्टरांना हाक मारावी. बाबा रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील, तर ते सर्जनला आजच सांग.

त्यांची साखरही तपासून घे आणि ती आटोक्यात ठेव. वरण, अंडी, दूध पोटात गेल्याशिवाय मांस भरणार नाही. पुढचा फोम बदलल्यावर जखमेचा तळ कसा दिसतो, ते मला सविस्तर कळव.

काकूंना नमस्कार.

तुझा मित्र,
वसंता