काका, प्रत्येक ‘का’चं उत्तर दिल्याबद्दल

तीर्थस्वरूप काका,
सादर नमस्कार.

हे आभार फोनवर दोन शब्दांत मानता आले असते, पण मुद्दाम उघड पत्र लिहितो आहोत. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कला पहिल्यांदाच भाड्याची आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेली मोठी गाडी, घेऊन जाणारी आपली जोडपी दर उन्हाळ्यात निघतात आणि त्यांच्या हाती पडते ती बहुतेक वेळा पाहण्यासारख्या ठिकाणांची यादी. तुम्ही तसली यादी दिलीच नाहीत. पाणी, बॅटरी, ब्रेक आणि पार्किंग यांचा हिशेब समोर मांडलात आणि प्रत्येक आकड्यामागचं ‘का’ सांगितलंत. नुसती सूचना घाईगडबडीत विसरते. कारण कळलेलं असलं की सूचना आपली आपण परत सुचते. तुमचं ते सांगणं इतरांच्याही कामी यावं म्हणून इथे उतरवून काढलं आहे.

तुम्ही सुरुवात केलीत ती कॅलेंडरपासून. १९१५ साली स्थापन झालेल्या या पार्कात आता वर्षाला ४० लाखांहून जास्त माणसं येतात आणि त्यातली बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कॅम्पसाइटची आरक्षणं सहा महिने आधी खुली होतात आणि शनिवार-रविवारच्या जागा बघता बघता संपतात. त्याशिवाय गाडी आत न्यायला ठरावीक वेळेचा प्रवेश, म्हणजे टाइम्ड एंट्री. २०२५च्या हंगामात त्याचे दोन प्रकार होते: बेअर लेक रोडसह हवा असेल तर पहाटे ५ ते संध्याकाळी ६ या वेळेसाठी परवाना लागायचा, आणि तो रस्ता सोडून बाकीच्या पार्कासाठी सकाळी ९ ते दुपारी २. या तासांच्या बाहेर परवाना लागत नाही, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. कॅम्पसाइटच्या आरक्षणासोबत कुठला प्रवेश मिळतो आणि कितीपासून, ते आरक्षणाच्या ईमेलमध्ये शब्दन्‌शब्द वाचा, आणि नियम दर हंगामात नव्यानं बघा, हे तुम्ही दोनदा बजावलंत.

ग्लेशियर बेसिन कॅम्पग्राउंड सुचवण्यामागचं तुमचं कारण तर लाख मोलाचं. बेअर लेकचा पार्किंग लॉट उन्हाळ्यात भल्या सकाळी भरतो, आणि २५ फुटांच्या गाडीला तिथे तशीही जागा सापडत नाही. ग्लेशियर बेसिनच्या समोरच, रस्त्यापलीकडे, पार्क अँड राइड, म्हणजे बेअर लेकला जाणाऱ्या शटल बसचा थांबा, आहे. चालत जायचं, शटलमध्ये बसायचं. आरव्ही जागची हलत नाही, समतल करायला चाकांखाली घातलेल्या ठोकळ्यांवरून उतरवावी लागत नाही. गर्दीच्या पार्कात आरव्हीवाल्यांना याहून मोठं सुख नाही, असं आमचं ठाम मत झालं आहे.

लांबीच्या बाबतीत तुम्ही एक बारीक फरक दाखवलात. ग्लेशियर बेसिनला कमाल ३५ फूट, अ‍ॅस्पनग्लेन आणि टिंबर क्रीकला ३०, लाँग्स पीकला फक्त तंबू. पण ही कमाल मर्यादा अख्ख्या कॅम्पग्राउंडची झाली. आपण धरलेल्या जागेची लांबी वेगळी लिहिलेली असते आणि ती २० फूटही असू शकते. आरक्षण करताना तीच बघायची, आणि गाडीची लांबी मागच्या शिडी-बंपरसकट मोजायची.

आता विजेबद्दल. मोरेन पार्कच्या एका भागात हल्ली विजेची जोडणी मिळते, ग्लेशियर बेसिनला नाही. म्हणजे रात्र काढायची ती गाडीच्या घरगुती बॅटरीवर, म्हणजे राहण्याच्या भागाला वीज देणाऱ्या वेगळ्या बॅटरीवर. तुम्ही कागदावर केलेला हिशेब असा होता. साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी १०० अँपिअर-अवरची धरली, तरी वापरायची अर्धीच, ५०. त्याखाली वारंवार गेलं की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. फर्नेस, म्हणजे गाडी गरम ठेवणारा हीटर, चालतो प्रोपेन गॅसवर, पण त्याचा पंखा बॅटरीतून ७-८ अँपिअर ओढतो. साडेआठ हजार फुटांवर थंड रात्री तो दहा तासांपैकी साधारण एक तृतीयांश वेळ चालतो, म्हणजे २५ अँपिअर-अवर गेले. गॅस डिटेक्टर, फ्रिजचं सर्किट बोर्ड, पाण्याचा पंप आणि दिवे मिळून आणखी दहाएक. एक रात्र आरामात निघते. दुसरी रात्र चार्ज न करता निघत नाही.

आणि पहाटे नेमकं काय बिघडतं, तेही तुम्ही सांगितलंत. फर्नेसमध्ये हवेच्या झोतानं दाबला जाणारा एक पातळ पत्र्याचा स्विच असतो. पंखा पुरेशा वेगानं फिरला तरच तो मिटतो आणि मगच गॅस सुटून ज्योत लागते. बॅटरी उतरली की पंखा मंदावतो, स्विच मिटत नाही, ज्योत लागत नाही. पण पंखा मात्र गार हवा फेकत बॅटरी चाटूनपुसून संपवत राहतो. बाहेरून वाटतं गॅस संपला. नवखा माणूस काळोखात सिलिंडरकडे धावतो. तुमचा सल्ला: आधी थर्मोस्टॅट बंद करा, मग व्होल्ट बघा. सगळं बंद असताना १२.६ म्हणजे भरलेली, १२.२च्या आसपास म्हणजे जेमतेम अर्धी, आणि १२च्या खाली गेली असेल तर गॅसला दोष देऊ नका. रात्री थर्मोस्टॅट १३-१४ सेल्सिअसवर ठेवून जाड पांघरूण घेतलं तर पंख्याचं काम बरंच कमी होतं. शेगडी पेटवून गाडी ऊबदार करायची नाही, कधीच नाही, हे सांगताना तुमचा आवाज चढला होता. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना वास ना रंग.

जनरेटर संध्याकाळपेक्षा सकाळी लावा, हा तुमचा सल्ला आम्हाला आधी उलटा वाटला. कारण पटलं: रिकामी बॅटरी सुरुवातीला जोरात चार्ज घेते आणि भरत आली की थेंबाथेंबानं. पहाटे ती सर्वांत रिकामी असते, तेव्हा जनरेटरचा प्रत्येक तास सत्कारणी लागतो. कॅम्पग्राउंडमध्ये जनरेटरला सकाळचे आणि संध्याकाळचे ठरावीकच तास असतात, ते फलकावर बघून त्यात हा हिशेब बसवायचा. उंचीवर हवा विरळ, म्हणून जनरेटरही पूर्ण ताकद देत नाही. त्यावर मायक्रोवेव्ह आणि चार्जर एकदम टाकायचे नाहीत. कार्ब्युरेटरच्या जनरेटरवर उंचीनुसार फिरवायची छोटी खूणचकती असेल तर ती आठ हजारांवर आणायची आणि खाली उतरल्यावर आठवणीनं मागे न्यायची.

फ्रिजचंही ‘का’ तुम्ही सांगितलंत. प्रोपेनवर चालणाऱ्या फ्रिजमध्ये कंप्रेसर नसतो. उष्णतेनं वर गेलेला अमोनिया उतारानं खाली वाहतो, त्यावर सगळा गारवा. गाडी कलती असली की तो अडकतो आणि फ्रिज आतून कायमचा खराब होऊ शकतो. म्हणून आधी ठोकळ्यांवर चढवून गाडी समतल करायची, हँडब्रेक ओढायचा, चाकांना अडणी लावायची आणि मगच फ्रिज गॅसवर टाकायचा. गाडी समतल आहे का ते दाखवणारी बुडबुड्याची नळी (स्पिरिट लेव्हल) ठेवायची ती फ्रीजरच्या तळावर, डॅशबोर्डवर नाही.

पाण्याचा हिशेब त्यामानानं सोपा. ४० गॅलन म्हणजे दीडशे किलो वजन. घाट चढताना टाकी पाव भरलेली पुरे, उरलेलं पाणी पार्कातल्या पिण्याच्या नळावर भरायचं. दोघांना काटकसरीनं दिवसाला ८ ते १० गॅलन लागतात. पण खरी अडचण पाणी संपण्याची नाही, सांडपाण्याची ग्रे टँक भरण्याची. आंघोळीचं, हात धुण्याचं, भांड्यांचं, सगळं तिथेच जातं, आणि ते जमिनीवर सोडायला सक्त मनाई आहे. तुमची युक्ती साधी: सिंकमध्ये प्लास्टिकचं टब ठेवून त्यात भांडी धुवायची, खरकटं गाळून घ्यायचं आणि तेच पाणी टॉयलेटमध्ये ओतायचं. ग्रे टँक वाचते, आणि ब्लॅक टँकला, म्हणजे टॉयलेटच्या टाकीला, जास्तीचं पाणी हवंच असतं, नाहीतर मैला तळाशी थिजून बसतो. डम्प स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाचं पाणी पाइप धुऊन काढतं. ब्लॅकची चावी एरवी बंदच ठेवायची. उघडी राहिली तर पाणी निघून जातं आणि घट्ट भाग मागे राहतो. हातमोजे घालायचे. पिण्याच्या पाण्याचा पांढरा पाइप आणि सांडपाण्याचा पाइप एका कप्प्यात कधीही ठेवायचे नाहीत. निघण्याच्या दिवशी दुपारच्या आधी तिथे रांग लागते, म्हणून चहा झाला की लगेच जायचं.

काकूंनी कुकर न्यायला सांगितलं, त्याचेही आभार. तेवढ्या उंचीवर पाणी ९१-९२ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर उकळली तरी बोटानं दाबल्यावर कणी लागते आणि गॅस वाया जातो. कुकरमध्येही वेळ थोडा जास्त लागतो, कारण बाहेरचा दाब कमी म्हणून आतला एकूण दाबही घरच्यापेक्षा कमीच. शिट्ट्या मोजण्यापेक्षा डाळ दोन तास आधी भिजवा हे काकूंचं म्हणणं बरोबर होतं. जेवण झालं की कुकर बाहेरच्या टेबलावर राहू द्यायचा नाही. वासानं काळं अस्वल येतं. अन्न, कचरा, टूथपेस्टसुद्धा गाडीत, आणि बाहेर जाताना खिडक्या बंद. एल्क या मोठ्या हरणापासून ७५ फूट, त्याहून थोराड मूस आणि अस्वलापासून १२० फूट, हे पार्काचे नियम आहेत.

गाडी मागे घेण्याबद्दल तुम्ही आमच्या दोघांकडूनही सराव करून घेतलात. खालचा माणूस चालकाच्या बाजूला, मागच्या कोपऱ्याजवळ, आणि सदैव आरशात दिसेल असा. त्याला आरसा दिसत नसेल तर चालकाला तो दिसत नाही. गाडी तिथेच थांबली पाहिजे. ओरडून सांगायचं नाही, चार खुणा आधीच ठरवायच्या. एक नजर वर, फांद्यांकडे. क्लास सी गाडीचं, म्हणजे व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेल्या आरव्हीचं, मागचं धड चाकांच्या बरंच मागे लोंबतं, त्यामुळे डावीकडे वळवलं की मागचा कोपरा उजवीकडे फेकला जातो. पेट्रोल पंपाचे खांब याच कोपऱ्यानं घासतात.

शेवटी ट्रेल रिज रोड. एस्टेस पार्क ते ग्रँड लेक ४८ मैल, माथा १२,१८३ फूट, सुमारे ११ मैल झाडांच्या रेषेच्याही वर, म्हणजे जिथे थंडीमुळे झाडं उगवत नाहीत तिथून. उतार कुठेही सात टक्क्यांहून तीव्र नाही, पण सलग आहे, आणि बऱ्याच जागी कठडा नाही. दर हजार फुटांना इंजिन साधारण तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे माथ्यावर एक तृतीयांश गेलेली असते. चढताना इंजिन ओरडलं तरी घाबरायचं नाही, खालच्या गिअरमध्ये चालू द्यायचं आणि मागे रांग झाली की पहिल्या रुंद जागी बाजूला घ्यायची.

उतरण्याचं तुम्ही फार नीट समजावलंत. उतार सुरू होण्याआधी टो-हॉल मोड, म्हणजे उतारावर गिअर खाली ठेवून इंजिनानं गती आवरणारी सोय, लावायचा आणि गिअर खाली आणायचा. गती एकदा वाढली की गिअर खाली येत नाही. पाय ब्रेकवर टेकवून ठेवायचा नाही. ताशी ३० मैलांवर गेली की तीनेक सेकंद ठाम दाबायचा, २५ वर आणायची, आणि पाय पूर्ण उचलायचा. सतत हलका दाब म्हणजे सतत घर्षण. डिस्कला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. दाबून सोडलं की मधल्या सेकंदांत वारा ती उष्णता घेऊन जातो. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागलं, तर पुढच्या थांब्यावर अर्धा तास उभं राहायचं, चाकांवर पाणी ओतायचं नाही. ओल्ड फॉल रिव्हर रोडकडे आरव्ही वळवायचीच नाही: २५ फुटांवरच्या गाड्यांना आणि ट्रेलर्सना तिथे बंदी आहे, आणि बंदी लागू नसली तरी त्या एकेरी कच्च्या रस्त्यावरच्या वळणांना ही गाडी शोभत नाही. अल्पाइन व्हिजिटर सेंटरला सकाळी ९च्या आत पोहोचायचं. तेव्हा लांब गाडीला जागाही मिळते, आणि दुपारच्या विजांच्या गडगडाटाआधी झाडांच्या रेषेखाली परतता येतं.

काका, तुम्ही दिलेले सहाही पिवळे ठोकळे मोजून पिशवीत भरले आहेत. एकाच्या कडेला बारीक चीर आहे, त्यावर टेप लावून खूण केली आहे, तो भार घेणाऱ्या चाकाखाली वापरू नका. पांढरा पाइप पूर्ण निथळून, दोन्ही टोकं एकमेकांना जोडून ठेवला आहे. येत्या शनिवारी सकाळी आणून देतो. काकूंना नमस्कार.

तुमचे,
आम्ही दोघं