सारा आजी, तुम्ही मागे गेला नाहीत म्हणून

सारा कीज आजी,

2023 मध्ये तुम्ही गेलात, त्यामुळे हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही हे माहितीये मला. तरी लिहितेय, कारण तुमच्याबद्दल वाचल्यापासून आभार मानल्याशिवाय चैन पडत नाहीये. मी मूळची कराडकडची, आता अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या रॅली शहरात असते, रंगाने चांगली सावळी. इथल्या बसमध्ये चढले की रिकामी सीट दिसेल तिथे बसते, कोणी मान वर करून बघतही नाही.

ऑगस्ट 1952. तुम्ही काळ्या, अमेरिकन आर्मीच्या महिला दलात, अंगावर युनिफॉर्म, न्यू जर्सीच्या फोर्ट डिक्स लष्करी तळावरून सुट्टीवर बसने घरी निघालेल्या. रात्री नॉर्थ कॅरोलायनातल्या रोनोक रॅपिड्सला ड्रायव्हर बदलला आणि नवीन आलेल्याने सांगितलं की ही सीट या गोऱ्या मरीन सैनिकाला द्या, तुम्ही मागे जा. तुम्ही शांतपणे सांगितलंत की मी आहे तिथे बरी आहे. झालं. मग त्या माणसाने बाकीचे सगळे पॅसेंजर उतरवून दुसऱ्या बसमध्ये घातले आणि तुम्हाला तेवढं चढू दिलं नाही.

मी तिथेच अडकलेय आजी. अहो, मध्यरात्र, अनोळखी गाव, डोळ्यांवर झोप, समोर अख्खी बस रिकामी होतेय, आणि मागे जाऊन बसते एवढं म्हटलं असतं तर सकाळी घरी चहा घेत असतात, आणि कोणी नावंही ठेवली नसती कारण सगळे तेच करत होते. तुम्ही नाही म्हटलंत ते मला समजतं, पण सगळे निघून जाताना दिसल्यावरही तुम्ही नाहीवर राहिलात, त्याचं मला फार फार वाटतं. त्याबद्दल रात्रभर लॉकअप आणि वर पंचवीस डॉलर दंड, का तर म्हणे गैरवर्तन!

खरं तर 1946 सालीच सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या बसमध्ये काळ्यांनी वेगळं बसायचे राज्यांचे कायदे चालणार नाहीत, मग बसकंपन्यांनी हे आमचे स्वतःचे नियम आहेत म्हणून तेच चालू ठेवलं. 1948 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी सैन्यातला भेदभाव बंद करायचा आदेश काढला, पण सैन्याचा युनिफॉर्म घालून बसमध्ये बसलं की ड्रायव्हरला दिसायची ती फक्त कातडी.

डव्ही राउंडट्री या तुमच्या वकील, त्यांनाही 1943 मध्ये मायामीत युनिफॉर्म अंगावर असताना बसमधून हाकललं होतं, म्हणजे केस हातात घेतली तेव्हा त्यांना काही समजावून सांगायची गरजच नसणार. त्यांचेही आभार, आणि ही लढाई सोडू नकोस म्हणणाऱ्या तुमच्या वडिलांचेही. आंतरराज्य वाहतूक बघणाऱ्या कमिशनने आधी तुमची तक्रार फेटाळली, मग नोव्हेंबर 1955 मध्ये तुमच्या बाजूने निकाल दिला, बसमधली सीट गोऱ्याला न दिल्याबद्दल झालेल्या रोझा पार्क्सच्या अटकेच्या अगदी काही दिवस आधी. आणि दिलेला निकाल हे लोक 1961 पर्यंत उशाला घेऊन झोपले. मग हे नियम पाळले जातात का बघायला गोरी-काळी पोरं एकत्र बसमधून निघाली, मार खाल्ला, अलाबामातल्या अ‍ॅनिस्टनला बस पेटवली गेली, केनेडी सरकारला मागे लागावं लागलं, तेव्हा कुठे स्टेशनांवरचे गोरे-काळे बोर्ड उतरले. अधिकार हातात असताना गप्प बसलेल्या माणसांचा मला त्या ड्रायव्हरपेक्षा जास्त राग येतो.

आमच्या तालुक्यातल्या मसूर स्टेशनवर लहानग्या भीमरावांना, आमच्या बाबासाहेबांना, दुप्पट भाडं घेऊनही गाडीवान शेजारी बसायला तयार नव्हता. ती गोष्ट ऐकतच मोठी झाले, म्हणून असेल, तुमची रात्र मला परकी वाटत नाही. सरळ माणसं फार काही मागत नाहीत हो, तिकीट काढलंय तर बसू द्या, एवढंच.

तुम्ही नंतर ब्रुकलिनमध्ये बायकांचे केस करायचं काम केलंत, स्वतःचा गाजावाजा केला नाहीत, आणि रोनोक रॅपिड्सच्या पार्कात तुमच्या नावाची चित्रशिल्पं लागायला 2020 उजाडलं. आई पुढच्या महिन्यात गावाहून येतेय, तिला तिथे घेऊन जाणार आहे आणि तुमची सगळी गोष्ट मराठीत सांगणार आहे.

मनापासून आभार, आजी.

तुमची,
रॅलीतली एक कराडकर