पणजोबांचा माग: आधी जनगणना, मग डीएनए

ती. दादास,
सा. न.

इंग्लंडला आलेल्या पणजोबांचं नाव इथल्या जनगणनेत मिळत नाही म्हणून लगेच डीएनए किट मागवू नकोस. इंग्लंडची जनगणना शंभर वर्षांनी खुली होते, त्यामुळे आपल्या कामाच्या १९११ आणि १९२१ च्या. १९३१ ची आगीत जळाली, १९४१ ची झालीच नाही.

आडनाव टाकून शोधणं हीच मोठी चूक. जनगणनेच्या फॉर्मवर भाडेकरूचं नाव घरमालकीण कानावर पडलं तसं लिहायची, पुढे सूची करणाऱ्याने ते अक्षर आपल्या मताने लावलेलं. शिवाय वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात जाऊ शकतं. आडनाव कोरं ठेव. जन्मस्थळ 'बॉम्बे', मग नुसतं 'इंडिया', जन्मवर्ष पाच वर्षं मागेपुढे. सापडलं की मूळ पानाचं चित्र उघडच. १९२१ मध्ये वय वर्षं-महिन्यांत असतं, नोकरी देणाऱ्या मालकाचं नाव असतं. १९११ मध्ये लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती, हयात किती, हे विवाहित बायकांपुरतं विचारलं होतं. विधुरांनीही ते भरून टाकलं आणि कारकुनांनी वरून रेघ मारली. रेघेखालचं जरूर वाच, खरा माल तिथेच असतो.

आता डीएनए. लाळ तुझी नको, आत्याची घे. पणजोबांनी इथे दुसरा संसार केला असेल, तर त्या संसारातली नातवंडं आणि आत्या यांच्यात सरासरी ४५० सेंटिमॉर्गन (सामाईक डीएनए मोजायचं एकक) जुळतील. आपल्या पिढीत तेच १२० च्या आसपास येतं. पण ४५० चा आकडा सख्ख्या चुलत भावंडाच्या मुलाशीही जुळतो, म्हणून समोरच्याचं वय आधी बघायचं. घराण्यात नात्यातली लग्नं असतील तर आकडे फुगतात, लांबचा माणूस जवळचा वाटतो. फक्त बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र आत्याकडे नाही; त्यासाठी बाबांची लाळ वेगळी. 'इतके टक्के अमुक वंश' हा नकाशा सोडून दे, त्यात करमणुकीपलीकडे फारसं काही नाही.

लाळ देण्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, चहासुद्धा नाही. नळीवरच्या रेघेपर्यंत लाळ हवी, फेस धरायचा नाही. नमुना बाद होतो तो बहुधा इथेच. तोंड कोरडं पडलं तर गाल बाहेरून चोळायला सांग.

आणि किट हातात देण्यापूर्वी आत्याला स्पष्ट विचार: आजोबांना सावत्र भावंडं निघाली तर चालेल का? ती नको म्हणाली तर जनगणनेवरच थांबू.

तुझा,
धाकटा