वाळू ओली होती का? : आमच्या डॉक्टर मॅडमना उघड पत्र

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

31 वर्षं एसटीत कंडक्टर होतो. हातून लिखाण झालं ते वेबिलावर, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदावर, त्यामुळे पत्राला वळण नसेल तर सांभाळून घ्या. पेढे घेऊन आलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "काका, पेढे मला नकोत. बोका पाळणाऱ्या चार माणसांना सर्जाची गोष्ट सांगा." चार माणसांना सांगून झाली. बाकीच्यांसाठी हे उघड पत्र.

गौरी जेवणाचा दिवस. घरात 13 पाहुणे, स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही. सर्जाचा वाळूचा ट्रे नेहमी जिन्याखाली असतो. तिथे चपलांचा ढीग पडणार म्हणून मी तो सकाळीच उचलून मोरीत ठेवला. दुपारी धाकट्या मेव्हण्याने सांगितलं, "भावजी, बोका सारखा मोरीत जाऊन बसतोय, आणि कण्हतोय." जाऊन पाहिलं तर हा वाळूत वाकून बसलेला, पाठ कमानीसारखी. जोर करतोय, उठतोय, दोन पावलं चालतोय, परत बसतोय. मी म्हणालो, बद्धकोष्ठ. आमच्या गावी म्हशी होत्या, बैल होते, जनावराचं मला कळतं, असा माझा समज. हिने एरंडेल काढलं. मी म्हटलं एरंडेल नको, दुधात चमचाभर तूप दे.

त्याने तोंडही लावलं नाही. रात्री साडेनऊला तो कॉटखाली जाऊन पडला आणि एकदा ओकला. तेव्हा कुठे तुम्हाला फोन केला, तोही माफी मागत, सणाच्या दिवशी त्रास देतोय म्हणून.

मला आधी वाटलं तुम्ही औषधाचं नाव सांगाल. तुम्ही विचारलंत, "बोका आहे की भाटी?" बोका. "शी होत नाही असं तुम्हाला वाटतंय, पण शू कधी झाली शेवटची? वाळू ओली होती का?"

मॅडम, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मोरीत जाऊन ट्रेमध्ये हात घातला. सकाळी भरलेली वाळू, तशीच्या तशी, कोरडी ठाक. कडेला एक रुपयाएवढा ओला डाग, त्यात लालसर झाक. ते सांगितल्यावर तुम्ही एवढंच बोललात, "तूप नको, पाणी पाजू नका, पोट दाबू नका. निघा. मी दवाखाना उघडते."

पाऊस मी म्हणत होता. पिंजरा नव्हताच. भाजीची बुट्टी, तिच्यावर दुसरी बुट्टी पालथी, आणि दोन्ही बांधायला माझ्या पायजम्याची नाडी. रिक्षावाल्याने विचारलं, कोंबडी का काका?

टेबलावर तुम्ही माझा हात धरून त्याच्या पोटाखाली नेलात. "दाबायचं नाही, नुसता हात ठेवा." आत कच्च्या मोसंबीसारखं टणक काहीतरी लागलं. म्हणालात, ही लघवीची पिशवी. बोक्याची लघवीची वाट मांजरीपेक्षा फार बारीक असते, टोकाला तर जास्तच. लघवीतले बारीक स्फटिक आणि चिकट स्राव मिळून त्यात बूच बसतं. वरून लघवी साठत राहते, मूत्रपिंडांवर ताण येतो, रक्तात पोटॅशियम चढतं आणि त्याने हृदयच थांबतं. पूर्ण तुंबल्यावर हातात एक-दोन दिवस असतात. मी त्यातला अख्खा दिवस तुपात घालवला होता.

पुढचं मी बाकावर बसून काचेतून पाहिलं. पुढच्या पायावरचे केस काढून सलाइन, मग गुंगी, मग ती बारीक नळी. तीन वेळा नळी अडली. चौथ्यांदा तुम्ही मान न उचलता म्हणालात, "आली." भांड्यात कोकम सरबताच्या रंगाची लघवी पडायला लागली आणि मी पाहुण्यांना फोन करायला बाहेर गेलो. खरं सांगायचं तर फोन करायला गेलो नव्हतो.

नळी दोन दिवस ठेवली, तिसऱ्या दिवशी काढली. डबल बेल तेव्हाच मिळाली असं मी धरून चाललो होतो, पण तुम्ही थांबवलंत. हे दुखणं उलटतं, पहिल्या आठवड्यात तर नक्की लक्ष ठेवा, रोज ओल्या वाळूचे गोळे मोजा. मी मोजले. वेबिल लिहिल्यासारखे वहीत लिहिले: सकाळ दोन, रात्र एक. वही अजून चालू आहे.

मग तुम्ही विचारलंत, घरात अलीकडे काय बदललं? मी म्हटलं काही नाही, गणपती बसलाय तेवढंच. तुम्ही हसलात. तेरा अनोळखी माणसं, ढोल, हलवलेला ट्रे, म्हणजे त्याच्या हिशेबाने सगळंच बदललं होतं. मांजराला मनाचा ताण आला की तो थेट मूत्राशयावर उतरतो हे मला त्या दिवशी कळलं. म्हशीचं असं नसतं. शिवाय नसबंदी झालेला, घरात बसून 5.9 किलोचा झालेला, दिवसभर कोरडे दाणे खाणारा आणि पाण्याकडे ढुंकूनही न बघणारा बोका. आता घरात एका मांजराला दोन ट्रे आहेत, तुमच्या नियमाप्रमाणे: मांजरं जितकी, त्यापेक्षा ट्रे एक जास्त. पाण्याच्या वाट्या तीन, जेवणापासून लांब. खाणं ओलं. हिने पहिल्या दिवशी कौतुकाने चिकनचा रस्साच वाढला होता. तो तुम्ही बंद केलात. कांदा आणि लसूण कुत्र्याला नको, मांजराला तर मुळीच नको, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आता बिनमिठाचं, नुसतं उकडलेलं.

सर्जाचं झालं. आता ठकीचं, कारण तिच्या बाबतीत माझी चूक जास्त लाजिरवाणी आहे.

ठकी आमची कुत्री. डेपोमागे सापडली, दोनेक महिन्यांची. घरात कुठेही शू करायची, हिच्या साडीचा काठ धरून लोंबकळायची. मी वर्तमानपत्राची गुंडाळी करून फटका द्यायचो, नाक त्या डागाला लावायचो. परिणाम असा की ती सोफ्यामागे जाऊन शू करायला लागली. लसीला आणली तेव्हा तुम्ही विचारलंत, "फटका शू करताना बसतो की नंतर?" नंतर. "मग तिला एवढंच कळलं की काकांसमोर करायची नाही."

मग तुम्ही मला माझ्याच धंद्यातलं उदाहरण दिलंत: तिकीट उतारू चढल्याबरोबर द्यायचं, डेपोत पोचल्यावर नाही. झोपून उठली की बाहेर, खाल्लं की बाहेर, खेळली की बाहेर, एरवी दर दोन तासांनी, आणि रोज त्याच जागी. तिथे शू झाली की त्याच क्षणी शाबासकी आणि चिकनचा नखाएवढा तुकडा. घरात झाली तर ब्र न काढता पुसायचं, पण वास राहणार नाही असं. दात लावले की खेळ तिथेच थांबवायचा, हात झटकायचा नाही, झटकला की तिला अजून गंमत वाटते. तीन आठवड्यांत ठकी दारापाशी जाऊन माझ्याकडे बघायला शिकली. गुंडाळीचं वर्तमानपत्र आता मी वाचतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. मार्चमध्ये ती दोन दिवस जेवली नाही. मी म्हटलं ऊन लागलं. तुम्ही तिचा ओठ वर करून हिरडी दाखवलीत, पांढुरकी. पोटावर लाल टाचणीएवढे ठिपके. मग तिच्या पायांच्या बोटांमध्ये आणि कानाच्या आत बोट फिरवून एकेक गोचीड माझ्यासमोर मांडलात, सात निघाल्या. मी रोज तिला आंघोळ घालतो याचा मला अभिमान होता, बोटांच्या मधे मात्र कधी पाहिलं नव्हतं. रक्तात प्लेटलेट्स 28 हजार. निरोगी कुत्र्याच्या दोन लाखांच्या वर असतात. गोचीडताप.

28 दिवसांच्या गोळ्या दिल्यात, भरल्या पोटी द्या आणि दुधातून देऊ नका असं बजावून. नवव्या दिवशी ठकी भाकरीवर तुटून पडली आणि मी गोळ्या थांबवल्या. पोरीचं पोट कशाला जाळायचं, असा विचार. इतक्या वर्षांत तुम्ही माझ्यावर चिडलात ती ही एकच वेळ. "काका, ताप उतरला म्हणजे जंतू उतरले नाहीत. गोळ्या कुत्रीला आहेत, तुमच्या मताला नाहीत." बोललात ते वर्मी लागलं, पण राग नाही आला. राहिलेल्या गोळ्या कॅलेंडरवर खुणा करून पुऱ्या केल्या.

गोचीड मी रॉकेल लावून काढायचो, नाहीतर नखाने चिरडायचो. दोन्ही बंद. आता चिमटा, कातडीला चिकटून धरायचा आणि सरळ ओढायचा. घराच्या भिंतीच्या भेगा मी सिमेंटने बुजवल्या, कारण मादी तिथेच हजारोंनी अंडी घालते, कुत्र्यावर औषध टाकून निम्मंच काम होतं.

त्याच दुपारी एक अपघात तुम्ही टाळलात, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. ठकीसाठी एका दुकानातून मानेवर टाकायचं औषध आणलं होतं. दुकानदार म्हणाला, उरलेलं मांजरालाही चालतं. मी बाटली तुम्हाला दाखवली ती केवळ सहज. तुम्ही चष्मा लावून बारीक अक्षरं वाचलीत आणि बाटली टेबलाच्या खणात टाकलीत. परमेथ्रिन. कुत्र्याला चालतं, मांजराचं शरीर ते पचवू शकत नाही, झटके येतात. त्याच दमात पॅरासिटामॉलचंही सांगितलंत: माणसाची एक गोळी बोक्याचा जीव घ्यायला पुरेशी आहे. आमच्या घरात ताप म्हटलं की तीच गोळी. सर्जा त्या दिवशी तुपावर निभावला, हिने गोळी काढली असती तर मी काही नको म्हटलं नसतं.

शेजारच्या नातवाला गल्लीतलं कुत्रं चावलं तेव्हाही पहिला फोन तुम्हालाच गेला. तुम्ही माणसांच्या डॉक्टर नाही, तसं सांगितलंत, पण फोन ठेवायच्या आत काम लावलंत: नळाखाली साबणाने 15 मिनिटं घड्याळ लावून धुवा, हळद-चुना काही नको, आणि सरळ सिव्हिलला. एकही इंजेक्शन चुकवू नका. आजी चुना घेऊन उभीच होती. पोराचा कोर्स पुरा झाला.

तुमच्या फीची पावती मी जपून ठेवली आहे. त्या रात्रीची रक्कम बघून माझा भाचा म्हणाला, एवढ्यात दहा बोके आले असते. त्याला मी घरी जेवायला बोलावलं नाही बरेच दिवस.

यंदा गौरी घरी आहेत, पाहुणे तेवढेच. जिन्याखालचा ट्रे हलवलेला नाही, चपला अंगणात. दुसरा ट्रे माडीवर, तिथली खोली चार दिवस सर्जाची, आत माझा जुना खाकी शर्ट अंथरून ठेवलाय. वजन 5.1 आहे. शनिवारी ठकीला रेबीजच्या वार्षिक लसीला आणतो. पिंजरा घेतलाय, पण सर्जा त्यात शिरत नाही, त्याला अजून बुट्टीच लागते. तो येणार नाही, वही आणतो.

आपला,
सर्जा-ठकीचे काका
(निवृत्त वाहक, सातारा)