सिम कोणाच्या नावाचं, फोन कोणाच्या हातात

चोपडा,
११ जानेवारी २०२६

प्रिय सुनंदा,
सप्रेम नमस्कार.

एक्कावन्न वर्षांच्या बाईकडे इंग्लंडातल्या मोबाईल कंपनीने अठरा पूर्ण असल्याचा पुरावा मागावा, हे ऐकून मी आधी पोटभर हसले. मग तू काय शोधत होतीस ते कळलं आणि हसू गेलं. पाळी जायच्या वयातले त्रास, अंगातून निघणाऱ्या वाफा, रात्र रात्र न लागणारी झोप. त्यावर बायका आपसात बोलतात अशी एक वेबसाइट. आता त्यात नवरा-बायकोच्या संबंधांचंही बोलणं असणारच. तेवढ्यावरून ती 'प्रौढांसाठी' ठरली आणि तुझ्या तिथल्या सिमवर बंद. उघडायची तर क्रेडिट कार्ड दाखव म्हणे. सहा महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे गेलेल्या बाईकडे तिथलं क्रेडिट कार्ड कुठून येणार? जावयाचं मागायचं तर कशाला हवं ते सांगावं लागतं. तू गप्प बसलीस. तुझ्या जागी मीही गप्पच बसले असते.

पण शेवटी तू म्हणालीस, "माझं जाऊ दे गं, नातवाकडे बघितलं की वाटतं, असं कुलूप आपल्याकडेही पाहिजे." हे मला पटलं नाही. व्हॉट्सॲपवर धड भांडता येत नाही, म्हणून हे पत्र.

तिथलं कुलूप आजकालचं नाही, हे तुला कोणी सांगितलं नसेल. जानेवारी २००४ मध्ये इंग्लंडातल्या सहा मोबाईल कंपन्यांनी मिळून एक नियमावली केली आणि ठरवलं की प्रौढांसाठीचा मजकूर वय तपासल्याशिवाय उघडायचा नाही. आपल्याकडे तेव्हा लोक मिस्ड कॉलवर कामं भागवत होते. त्यांच्या नियमामागे एक साधं कारण आहे. तिथे प्रीपेड सिम किराणा दुकानातही मिळतं, ओळखपत्र लागत नाही. तुझं सिम जावयाने येता येता आणलं आणि कोणी त्याचं नावसुद्धा विचारलं नाही, हे तूच सांगितलंस ना? म्हणजे फोन कोणाकडे गेला हे कंपनीला माहीतच नाही. मग ती धरून चालते की जो तो लहान मूल आहे, मोठा असेल त्याने येऊन सिद्ध करावं. क्रेडिट कार्डच का, तर तिथे ते अठराच्या आत मिळत नाही. डेबिट कार्ड शाळेतल्या पोरांकडेही असतं. आणि कोणता मजकूर अठराच्या वरचा, याचं माप २०१३ पासून बीबीएफसीकडे आहे, म्हणजे तिथे सिनेमांना प्रमाणपत्र देणारी संस्था.

मग २०२३ मध्ये त्यांचा ऑनलाइन सुरक्षेचा कायदा झाला, आणि २५ जुलै २०२५ पासून अश्लील साइटवाल्यांनाच वय तपासणं सक्तीचं झालं. नाही केलं तर १ कोटी ८० लाख पौंड किंवा जगभरच्या उलाढालीच्या १० टक्के, जे जास्त असेल तेवढा दंड होऊ शकतो. ऑफकॉम या तिथल्या सरकारी नियामकाने तपासायच्या रीती सांगितल्यात: ओळखपत्राचा फोटो, चेहऱ्यावरून वयाचा अंदाज, क्रेडिट कार्ड, बँकेकडून खात्री, आणि त्यातच एक मोबाईल कंपनी. साइटने तुझा नंबर घ्यायचा आणि कंपनीला विचारायचं, या नंबरावरचं कुलूप काढलेलं आहे का? काढलेलं असेल तर बाई मोठी. एकवीस वर्षांपूर्वी पोरांपासून पानं लपवायला लावलेलं कुलूप आता वयाचा दाखला म्हणून चालतंय. डोकं लढवलं आहे, यात शंका नाही. त्याच आठवड्यात तिथे व्हीपीएनची, म्हणजे आपण कुठल्या देशातून बघतोय ते लपवणारी ॲप्स धडाधड डाउनलोड व्हायला लागली, हे वेगळं.

आता हीच रीत चोपड्यात आणून बघ.

माझ्या मोबाईलच्या दुकानात काउंटरवर सिम घ्यायला कोणी आलं की आधार, समोर उभं करून फोटो, ओटीपी, सगळं पाहिजे. १ जानेवारी २०२४ पासून कागदी फॉर्म बंदच झाले. अठराच्या आतल्याला सिम द्यायचं नाही, असं दूरसंचार खात्याने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वच्छ सांगितलंय. एका माणसाच्या नावावर नऊ सिम चालतात. म्हणून होतं काय, की बापाच्या नावावर घरातले सगळे नंबर. कोरोनात शाळा मोबाईलवर आली तेव्हा लोकांनी कापसाच्या पैशातून फोन घेतले. फोन सातवीतल्या पोराच्या हातात, सिम बापाचं. उद्या एखाद्या साइटने आपल्या कंपनीला विचारलं, या नंबराचं वय काय? कंपनी सांगणार, बेचाळीस, येऊ द्या आत. तिकडे कंपनी सगळ्यांना लहान समजते. इकडे कंपनीच्या वहीत लहान कोणी नाहीच.

आणि बायका? संचार साथी नावाची सरकारी साइट आहे, आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते तिथे दिसतं. मी गिऱ्हाइकांना काढून देते. एका म्हाताऱ्या आजीने विचारलं, "ताई, मना नाववर कितला कार्डं शेतस?" निघाली चार. एक आंडोरचं म्हणजे लेकाचं, एक नातवाचं, एक शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरचं, चौथं कोणाचं ते तिलाही माहीत नव्हतं. तिच्या स्वतःच्या पिशवीतला साधा फोन मात्र जावयाच्या नावावर! तिच्या सुनेचा नंबर दिराच्या नावावर. खेड्यात फिरून बघ, घरोघरी असंच आहे. कार्ड घ्यायला पुरुष येतो, आधार त्याचं, फोटो त्याचा. मग वयाची खात्री करायचा ओटीपी किंवा कंपनीचा मेसेज कोणाला जाईल?

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली एक सून माझ्याकडे येते. येते फॉर्म भरायला, लाडकी बहीणची केवायसी असं काहीतरी कारण काढून. दुकानात पुरुष नसला की हळूच म्हणते, "ताई, तांबीबद्दल जरा बघा ना, काढल्यावर किती दिवसांनी दिवस राहतात?" घरचा फोन दिराच्या हातात असतो आणि तो आधी काय काय शोधलं ते बघतो. तिला माझा कॉम्प्युटर मोकळा वाटतो. तुझी ती साइट जशी अडली, तशी या पोरीची माहिती 'प्रौढ' म्हणून कुलुपात गेली, तर किल्ली दिराकडे. तू काय शोधलंस ते तपासणारं निदान तिथे घरात कोणी नव्हतं.

सरसकट बंद करण्याचाही अनुभव आपण घेतलाय. २०१५ च्या उन्हाळ्यानंतर सरकारने अश्लील म्हणून ८५७ साइट बंद करायला सांगितल्या, त्यात विनोदाच्या साइटही सापडल्या आणि चार दिवसांत माघार घ्यावी लागली. २०१८ मध्ये डेहराडूनच्या एका निवासी शाळेतल्या मुलीवरच्या सामूहिक बलात्कारानंतर उत्तराखंड उच्च न्यायालयाने आदेश दिला आणि ८२७ साइट बंद झाल्या. त्या आजही बंदच असतील कागदावर. एक नाव बंद केलं की त्याच साइटला नवं नाव मिळतं, हे आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. शिवाय हल्ली कंपनीला दिसतं ते साइटचं नाव. आतलं पान तिला दिसत नाही, कारण मधला मजकूर बंद पाकिटातून जातो. त्यामुळे कंपनीपुढे दोनच वाटा: अख्खी साइट बंद किंवा अख्खी चालू. तुझ्या बायकांच्या गप्पा तशाच गेल्या.

आणि इकडच्या पोरांपर्यंत घाण येते ती बहुतेक साइटवरून नाहीच. २०१६ मध्ये जिओ आलं त्याच्या आधीचे दिवस आठव. स्टँडसमोरच्या दुकानांत वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळायचं. वर लग्नाची गाणी, अहिराणी गाणी, आणि मागितलं की खालच्या फोल्डरात बाकीचं. नेट लागतच नव्हतं. आता कार्डाची जागा व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामच्या ग्रुपांनी घेतली. तिथे कोणती मोबाईल कंपनी डोकावणार?

तुझी काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. आठवीतली पोरं रिचार्जला येतात, एकाच्या फोनभोवती पाच डोकी, आणि मी जवळ गेले की पडदा काळा. काय बघत होते ते कळायला मला ज्योतिषी नको. त्यांना बाई म्हणजे काय ते त्या क्लिपांतून कळतंय, याचं मला भय वाटतं. पण त्या भयापोटी कोण काय बघतं याची नोंद आधारला जोडायची, याचं भय मला त्याहून मोठं आहे. तू म्हणशील मंगल अतीच करते. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड नावाच्या गप्पांच्या ॲपने जाहीर केलं की वयाच्या तक्रारी तपासायला लोकांनी दिलेल्या सुमारे ७०,००० ओळखपत्रांचे फोटो चोरांच्या हाती लागले असावेत. त्यांचं काम बघणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडून गेले. एवढ्या मोठ्या लोकांकडून जातात, तर इथल्या एखाद्या ठेकेदाराचं काय सांगावं?

आणि आपल्याला हे दुसऱ्या कोणी शिकवायला नको. १९९४ साली आपण अमळनेरला प्रताप कॉलेजात होतो, तेव्हा जळगावचं ते प्रकरण बाहेर आलं, मुलींवर अत्याचार करून फोटोंच्या धाकाने त्यांना गप्प ठेवल्याचं. हॉस्टेलवर काय शांतता पसरली होती ते तुलाही आठवत असेल. मोबाईल नव्हता, इंटरनेट नव्हतं. होते ते फोटो, आणि ते कोणाच्या तरी ताब्यात असल्याचा धाक. पुढे कितीतरी मुलींनी साक्ष दिलीच नाही, नाव बाहेर येईल म्हणून. मुलींच्या वसतिगृहांवर ट्रंका न्यायला घरून बाप आले होते. चूक केली कोणी, आणि शिक्षण सुटलं कोणाचं! तेव्हापासून, बाईची खाजगी गोष्ट नोंदवून ठेवणारी कुठलीही व्यवस्था कोणी चांगल्या हेतूने आणली, तरी मी आधी विचारते, वही कोणाच्या कपाटात राहणार?

आपल्याकडच्या नव्या कायद्याचंही असंच. २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात अठराच्या आतला प्रत्येक जण मूल, आणि त्याची माहिती वापरायची तर पालकांची पडताळलेली संमती हवी. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, सगळं लागू व्हायला अजून अवधी आहे. कायद्यात पालक म्हणजे आई किंवा बाप. आमच्या काउंटरवर पालक म्हणजे ज्याच्या फोनवर ओटीपी येतो तो.

मग मी करते काय, असं विचारशील. आई फोन घेऊन आली की पोराचं वेगळं खातं काढून फॅमिली लिंक, म्हणजे पोराच्या फोनवर पालकांनी लक्ष ठेवायचं गूगलचं ॲप, लावून देते, पैसे घेत नाही. त्यातल्या त्यात हेच बरं, कारण कुलूप सिमवर नसतं, फोनवर असतं. वायफाय असो की डेटा, लागू पडतं. आणि काय अडवायचं ते आई ठरवते. हुशार पोरगा महिन्याभरात तेही काढतो, हे मी त्यांना आधीच सांगून टाकते. खरी पंचाईत बापांची. परवा एक बागायतदार आले, केळीचा भाव चांगला मिळालेला, दीड तोळ्याची अंगठी. म्हणाले, "ताई, असं काहीतरी करा की पोराला काही दिसणार नाही, पण माझं चालू राहील." फोन एकच! मी म्हटलं, भाऊ, पोराला दुसरा फोन घ्या नाहीतर तुमचं बंद करा. ते उद्या येतो म्हणून गेले, अजून यायचेत. (घरी सांगितलं तेव्हा आमच्या ह्यांना अचानक बाहेर काम आठवलं.)

तर बाई, कुलूप हवंच असेल तर ते घरातल्या फोनवर असू दे, आणि त्याआधी आरोग्याची माहिती, पाळी, गर्भनिरोधन, हे 'प्रौढ' यादीतून बाहेर काढा. एवढं कोणी लिहून देत असेल तर मी पहिली सही करीन. कंपनीने सगळ्या गावाचं वय ठरवायचं, याला माझा विरोध राहील. तू चिडलीस तरी.

आता तुझ्या कामाचं. ते कुलूप तुझ्या सिमच्या डेटावर आहे, लेकीच्या घरच्या वायफायला ते लागत नाही. त्यांनी घरी वेगळं काही बसवलं नसेल तर वायफाय लाव आणि तीच साइट उघडून बघ. म्हणजे नातवालाही उघडेल, हे तुझ्या कुलुपाचं दुसरं भोक! नाही जमलं तर पासपोर्ट घेऊन कंपनीच्या दुकानात जा. काउंटरवरचा माणूस वय बघून कुलूप काढून देतो, काय बघायचंय ते विचारत नाही. मी धंद्यातली बाई म्हणून सांगते, त्याला त्यात काडीचा रस नसतो.

इकडे थंडी बरी पडली. गेल्या रविवारी मळ्यात भरीत केलं, पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजून, सोबत कळण्याच्या भाकरी. तुझी थोरली जाऊ आली होती, तिचे गुडघे दुखतात पण जीभ शाबूत आहे. तू आखाजीच्या आत परत ये, गौराईला तुझ्याशिवाय गाणी कोण उचलणार? जावयांना आणि लेकीला आशीर्वाद, नातवाला गोड पापा.

आणि ती साइट उघडली की वाफांवर त्या बायका काय उपाय करतात, ते सगळं मराठीत लिहून पाठव. रात्री पंखा चार नंबरवर लावला की हे गोधडी ओढून भांडतात. माझ्या नंबरावर पाठव, तो माझ्याच नावाचा आहे.

तुझी,
मंगल